मुरघासाचे खरे पूरक

पावसाळ्यात बांधाबांधावर हिरवा चारा डोलत असतो आणि चैत्र-वैशाखात त्याच शेतकऱ्याला वैरण विकत घ्यावी लागते. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत महाराष्ट्रातील असंख्य जनावरांना चारा छावण्यांचा आसरा घ्यावा लागला. सुगीचा हिरवा चारा टंचाईसाठी राखून ठेवणारा मुरघास हा या विसंगतीवरील एक समर्थ उपाय होय.

मुरघासाचे तत्त्व सोपे आहे. चाऱ्याची कुट्टी हवाबंद दाबून ठेवली, की त्यातील साखरेपासून जिवाणू दुग्धाम्ल तयार करतात. सामू सुमारे ४ पर्यंत उतरतो आणि चारा कुजविणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. मक्यात साखर पुरेशी असल्याने तो सहज मुरतो. लसूणघास, बरसीम यांसारख्या द्विदल चाऱ्यात मात्र साखर कमी असते आणि त्याची आम्लता लवकर वाढत नाही. अशा वेळी मळी, गूळ किंवा दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक मिसळणे हिताचे ठरते. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी तर सौम्य केलेली खनिज आम्ले मिसळून हिरवा चारा टिकविण्याची पद्धत शोधली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देताना त्यांच्या या कार्याचाही गौरव झाला.

तेव्हा पूरक द्रव्ये निरुपयोगी आहेत, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो विवेकाचा. मक्याच्या उत्तम मुरघासात महागडी पुडी मिसळून लहान शेतकऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. युरियामुळे नत्र वाढते हे खरे. पण प्रमाण चुकले तर तोच विषासमान ठरतो आणि लहान वासरांना तो वर्ज्यच होय. ‘चार पैसे गेले तरी चारा सुरक्षित राहतो’ हा युक्तिवादही टिकत नाही. कारण कुट्टीत हवा कोंडून राहिली, तर कोणतेही द्रव्य बुरशीला रोखण्याची हमी देऊ शकत नाही. बुरशी लागलेला चारा दुभत्या जनावराच्या आरोग्यावर आणि पर्यायाने घराच्या मिळकतीवर घाला घालतो.

दाणा चिकात असताना कापणी, बारीक कुट्टी, थरावर थर देऊन केलेली दाबणी आणि कागदाचे चोख आच्छादन ही मुरघासाची पहिली पूरके होत. ती विकत मिळत नाहीत. ती कष्टाने साधावी लागतात. ती साधल्यावरच बाजारातील द्रव्यांचा विचार करावा, यातच पशुपालकाचे हित सामावलेले आहे.