मालवणची सुट्टी आणि सांगलीचा पूर

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत असंघटित कामगारांच्या प्रश्नांची यादी तयार होत होती. ऊसतोडणी मजूर झाले, विट्याचे यंत्रमाग कामगार झाले, घरकामगार झाले, आशा सेविका झाल्या. मी सुचविले की, स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षक हेही एक नाव यादीत घालावे. बैठकीत हशा पिकला. एका ज्येष्ठ साथींनी तर, “सर, पुढच्या वेळी गोल्फचे शिक्षकही घ्या,” असे म्हणून विषय संपविला. तो संपलेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

हसणाऱ्यांचा युक्तिवाद उघड होता. पाठीवर हवेची टाकी बांधून मासे पाहावयास जाणे हा सुखवस्तूंचा छंद आहे. त्याच्याशी श्रमिक चळवळीचा संबंध काय? हा युक्तिवाद मान्य करावयाचा तर आपण हॉटेल कामगारांची संघटना कधीच बांधावयास नको होती. पंचतारांकित हॉटेलात जेवतो तो श्रीमंत. ताटे विसळतो तो श्रीमंत नसतो. सेवा कोणासाठी आहे यावरून सेवकाचा वर्ग ठरविणे ही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही न शोभणारी चूक आहे.

माझा एक विद्यार्थी गेली काही वर्षे मालवणच्या किनाऱ्यावर हे काम करतो. मूळचा जावळी तालुक्यातला. आजोबांचे घर कोयनेच्या पाण्याखाली गेले. वडील मुंबईत माथाडी. मुलाने अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविली आणि दोन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत घालविल्यावर पाण्याचा रस्ता धरला. या रस्त्याला पायऱ्या आहेत. प्राथमिक प्रमाणपत्र, मग प्रगत, मग बचावाचे, मग डाइव्हमास्टर आणि शेवटी प्रशिक्षक. नोंदवहीत किमान शंभर बुड्या असल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. प्रत्येक पायरीला शुल्क आहे. आणि जगभर ज्या संस्थेची प्रमाणपत्रे सर्वाधिक चालतात ती पॅडी ही १९६६ साली स्थापन झालेली अमेरिकन खासगी संस्था असल्याने त्या शुल्काचा एक वाटा थेट समुद्रापार जातो. प्रशिक्षक झाल्यावरही सुटका नाही. दरवर्षी वर्गणी भरली तरच शिकविण्याचा अधिकार टिकतो. कामगाराने कामावर राहण्यासाठी परदेशी कंपनीला वार्षिक खंड द्यावयाचा, ही व्यवस्था आपल्या कुळकायद्याच्या पिढीला नीट समजेल.

या मुलाच्या प्रशिक्षणाचा खर्च वडिलांनी माथाडी मंडळातील भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून भागविला. म्हणजे ज्या कायद्याने बापाच्या म्हातारपणाची तरतूद केली, त्याच तरतुदीतून मुलाने असे काम विकत घेतले की ज्यात म्हातारपणाची तरतूदच नाही. त्याला महिना पगार नाही. माणशी पैसे मिळतात. जितकी माणसे पाण्याखाली नेली तितके. विमा, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा यांपैकी काही नाही. सर्वत्र असेच आहे असे मी म्हणत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, स्थानिक तरुणांना त्यातून शिकता आले, ही गोष्ट शासनाच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. परंतु एक चांगली संस्था म्हणजे कामगार कायदा नव्हे.

आता हे काम म्हणजे नेमके काय, ते पाहू. पर्यटक पाण्याखाली जातो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याला नेले जाते. बहुतेकांना पोहताही येत नाही. प्रशिक्षक मागून त्याच्या टाकीला धरतो, त्याची उंची-खोली सांभाळतो, कान दुखतो की काय हे हातांच्या खुणांनी विचारतो आणि घाबरलेल्या माणसाने तोंडातली नळी काढून टाकली तर ती पुन्हा बसवितो. (त्या टाकीत प्राणवायू असतो असे आपली वृत्तपत्रे नेमाने छापतात. तिच्यात साधी हवाच दाबून भरलेली असते.) दहा मीटर खाली गेले की शरीरावरील दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. म्हणून श्वास रोखून झटकन वर आलेल्या माणसाचे फुप्फुस फाटू शकते. दाबाखाली रक्तात विरघळलेला नत्रवायू सावकाश बाहेर पडला नाही तर त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत अडकतात. पर्यटक आयुष्यात एकदा काही मिनिटे उथळ पाण्यात जातो, त्याला या शेवटच्या व्याधीचा धोका फारसा नाही. प्रशिक्षक हंगामात दिवसातून अनेक वेळा खालीवर करतो. त्याच्या कानांचा, त्याच्या सांध्यांचा हिशेब कोणत्याही दरपत्रकात धरलेला नाही.

यात आपल्या दोन जिल्ह्यांपुरती एक खास गोष्ट आहे. बुडी मारल्यानंतर लगेच उंचावर जाऊ नये, हा या व्यवसायाचा मूलभूत नियम होय. हवेचा दाब कमी झाला की उरलेला नत्रवायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ पाहतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. सातारा त्याहूनही वर. म्हणजे आमच्या मुलाला शेवटची बुडी आटोपून संध्याकाळच्या गाडीने फोंडा घाट चढून घरी येणे, हेदेखील शास्त्राप्रमाणे निषिद्ध. तो येतो. कारण थांबावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि घरचा एक दिवस दोन्ही जातात. काही बिघडलेच तर त्यावर उपचार करणारा दाबकक्ष कुठे? मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. साताऱ्याहून अडीचशे किलोमीटर.

मालवण दूर आहे, तिथले प्रश्न तिथल्या साथींनी पाहावेत, असे कोणी म्हणेल. पण पाण्याचा हा धंदा घाट चढून आमच्याकडे आला आहे. जावळी तालुक्यात मुनावळे येथे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, २०२४ साली शासनाचा जलपर्यटन प्रकल्प सुरू झाला. बामणोली आणि शेंबडीचे स्थानिक बोट क्लब वर्षानुवर्षे वासोट्याच्या वाटेवरील लोकांना ने-आण करीत आले आहेत. आता तिथे वेगाने धावणाऱ्या यंत्रनौकांचा काळ आला. पाण्यावरच्या खेळांच्या मागोमाग पाण्याखालचे खेळ येतात, हा मालवणचा अनुभव आहे. तेव्हा हे लक्षात ठेवावे की जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर आहे. तीनशे मीटरच्या वर बुडी मारावयाची तर समुद्रावरची कोष्टके चालत नाहीत; उंचीची वेगळी कोष्टके लागतात. आणि तिथून बाहेर पडलेला पर्यटक त्याच दुपारी साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खावयास जाणार. हे त्याला सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचे पोट तो किती माणसे पाण्यात उतरवितो यावर अवलंबून. ‘आज तुम्ही उतरू नका’ असे सांगण्याचे स्वातंत्र्य पगारी माणसाला असते, नगावर मजुरी घेणाऱ्याला नसते.

शिवाय त्या पाण्याखाली काय आहे? धरणाने शंभराच्या आसपास गावे उठविली. १९६२ पासून तिथली वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांकडे गेली. पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली झाला, तोही बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी रान उठविल्यावर. कोयनेची माणसे तोवर कधीच विखुरली होती. जमिनीच्या हक्कासाठी त्यांचे वारस २०१८ साली भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली पुन्हा कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावठाणांची जोती उघडी पडतात. ज्यांची ती जोती, त्यांच्या नातवाने परक्या पाहुण्यास त्यांवरून पोहत न्यावे, आणि ते कंत्राटदाराच्या मर्जीने, याला ‘भूमिपुत्रांना रोजगार’ असे नाव द्यावयाचे झाले आहे. मला पर्यटनाचे वावडे नाही. मुनावळ्याला काम मिळते आहे, ते मिळावेच. प्रश्न कामाच्या अटींचा आहे.

आता सांगलीकडे वळतो. कारण माझे मुख्य म्हणणे तिथे आहे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि सतराजण गेले. नाव ग्रामपंचायतीची, चालविणारे गावचेच. त्या दिवसांत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. आपत्ती प्रतिसादाचे राष्ट्रीय दल पुण्याजवळ असते. राज्याचे स्वतःचे दल उभे राहिले ते धुळे आणि नागपूर येथे. २००५, २०१९, २०२१ अशा तीन महापुरांनी ज्या खोऱ्याला झोडपले, त्याच्या वाट्याला आले ते स्वयंसेवक. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि साहित्याचा एक संच मिळतो. पगार मिळत नाही. एरवी संगम माहुलीला, हरिपूरला कोणी बुडाले की पोलीस अजूनही भोई-नावाड्यांच्या वस्तीत माणूस पाठवितात. ते गळ आणि दोर घेऊन येतात, दोन-दोन दिवस नदी चाळतात, आणि प्रेत सापडले की नातेवाईक देतील ते घेऊन, पुष्कळदा काहीही न घेता, घरी जातात.

बाजाराच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे. बुडालेला माणूस गिऱ्हाईक होत नाही. पाण्याखाली उतरण्याच्या कौशल्याला मालवणात मागणी आहे, कारण तिथे मागणीच्या पाठीशी पैसा आहे. सांगलीत गरज आहे, पण गरज म्हणजे अर्थशास्त्रातली मागणी नव्हे. एकच कौशल्य एकीकडे विकले जाते आणि दुसरीकडे फुकट मागितले जाते. ज्या वस्तूची समाजाला गरज आहे आणि जी बाजार पुरवीत नाही, ती शासनाने पुरवावी, इतके तर कट्टर बाजारवाद्यांचीही पाठ्यपुस्तके सांगतात.

आणि इथे दिनदर्शिका समोर धरावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा पावसाळ्यासाठी २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. त्या तीन महिन्यांत आमचा प्रशिक्षक बिनपगारी घरी बसतो. माझा विद्यार्थी या काळात एका दुकानात हिशेब लिहितो. वर सांगितलेले तिन्ही महापूर जुलै-ऑगस्टचे आहेत. मालवणची सुट्टी आणि सांगलीचा पूर एकाच वेळी येतात, आणि पाण्यात उतरावयास शिकलेला माणूस खुर्चीवर बसून वह्या भरतो! याहून धडधडीत अपव्यय मी चाळीस वर्षांच्या अध्यापनात उदाहरण म्हणूनही कधी दिला नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्वच्छ पाण्यात मासे दाखविणे वेगळे आणि गढूळ, वेगवान पुरात, बुडालेल्या बाभळी नि विजेच्या तारांमधून शोध घेणे वेगळे. अगदी खरे. त्याचे शिक्षण स्वतंत्रपणेच द्यावे लागेल, आणि वेगात वाहणाऱ्या पुरात पुष्कळदा टाकी बांधून उतरण्यापेक्षा नाव आणि दोरच कामाचे ठरतात. पण ज्याला दाब, श्वास आणि भीती यांची सवय आहे त्याला ते शिकविणे, बारा दिवसांत नवख्याला शिकविण्यापेक्षा कितीतरी सोपे. दुसरा आक्षेप असा की पुराचे खरे कारण धरणांच्या विसर्गात आणि नदीपात्रातील बांधकामांत आहे, पाणबुडे नेमून पूर हटत नाही. तेही खरे. पण अग्निशामक दल नेमल्याने आगी लागावयाच्या थांबत नाहीत, तरी आपण ते मोडीत काढत नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न मंत्रालयात नेहमी गरिबांच्याच योजनेला विचारला जातो. त्याचे उत्तर याच दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला पूर्वी दिलेले आहे. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला: मालक बदलतो, काम तुटक असते, म्हणून नोंदणी मंडळाकडे आणि मजुरीवर ठरावीक आकार मालकाकडून वसूल. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला: हंगाम संपला म्हणून माणसाचे पोट संपत नाही, काम देणे शासनाचे कर्तव्य. हे दोन्ही विचार एकत्र करा. जलपर्यटनाच्या प्रत्येक तिकिटावर आकार बसवा. प्रशिक्षक, नावाडी, मदतनीस या सर्वांची जिल्हावार मंडळाकडे नोंदणी करा. आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत त्यांना शासकीय वेतनावर कृष्णाकाठी नेमा. भोई-नावाड्यांनाही त्याच मंडळात घ्या, कारण नदी त्यांना ठाऊक आहे आणि मालवणहून आलेल्यांना ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. प्रमाणपत्राचे म्हणाल तर फ्रान्समध्ये, जिथे कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली हे उपकरण सिद्ध केले, पैसे घेऊन बुडी शिकवावयाची तर शासकीय पदविका लागते. आपल्याकडे वाहनचालकाचा परवाना सरकार देते आणि पाण्याखाली दुसऱ्याचा जीव हाती धरणाऱ्याचा परवाना अमेरिकेतून येतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी नौका उलटली, दोन पर्यटक मृत्यू पावले. अशा वेळी नौकेच्या परवान्याची चर्चा होते, नौकेवर राबणाऱ्यांच्या कामाच्या तासांची होत नाही. ती आपण करावयाची आहे. पुढील बैठकीत हा विषय मी लेखी ठराव म्हणून मांडणार आहे आणि माझ्या विद्यार्थ्याला बरोबर आणणार आहे. बैठक मेच्या अखेरीनंतर ठेवावी एवढी विनंती आहे. त्याआधी त्याचा हंगाम चालू असतो आणि खाडा परवडत नाही.