मैदान जनतेचे, नफा कोणाचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबच्या मालकाने शहरातील स्टेडियम विकत घेतले आणि वीस वर्षांच्या वादावर पडदा पडला, असे मानले गेले. क्लबला हक्काचे घर मिळाले, याचा पाठीराख्यांना आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु सार्वजनिक पुढाकाराने उभे राहिलेले हे स्टेडियम मधल्या काळात कोणाकोणाच्या हातून फिरले, हे पाहिले म्हणजे वित्तभांडवलाची चाल उघड होते.

कोव्हेंट्री हे कामगारांचे शहर. हा क्लब १८८३ साली सिंगर सायकल कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला. ब्रिटनमधील भारतीय मजुरांच्या ‘हिंदुस्थानी मजदूर सभे’चा उगमही १९३० च्या दशकात याच शहरात झाला. २००५ साली क्लब नव्या स्टेडियममध्ये आला, तो भाडेकरू म्हणून. कर्जबाजारी झाल्याने त्याने त्यातील आपला वाटा आधीच विकला होता. जमीन नगरपालिकेची होती. स्टेडियम चालविणाऱ्या कंपनीत निम्मा वाटा नगरपालिकेचा व निम्मा एका धर्मादाय संस्थेचा होता.

२००७ च्या अखेरीस ‘सिसू’ या लंडनच्या गुंतवणूक कंपनीने क्लब ताब्यात घेतला. २०१२ साली क्लबने वर्षाला सुमारे १२ लक्ष पौंडांचे भाडे देणे थांबविले. कंपनी बुडू नये म्हणून जानेवारी २०१३ मध्ये नगरपालिकेने तिला १ कोटी ४४ लक्ष पौंडांचे कर्ज दिले. सिसूने या कर्जालाच न्यायालयात आव्हान दिले; २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने व २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. दरम्यान क्लब नॉर्दम्प्टनच्या मैदानावर हलविला गेला. बहुसंख्य पाठीराख्यांनी बहिष्कार घातला. कित्येकांनी तिकीट न काढता बाहेरच्या टेकडीवर उभे राहून सामने पाहिले.

यात नगरपालिकेला दोषमुक्त ठरविता येणार नाही. मजूर पक्षाच्या ताब्यातील याच नगरपालिकेने २०१४ साली आपला वाटा ‘वॉस्प्स’ या बाहेरगावच्या रग्बी क्लबला विकला आणि २५० वर्षांचा भाडेपट्टा बहाल केला. वॉस्प्सने २०१५ साली साडेतीन कोटी पौंडांचे रोखे विकून नगरपालिकेचे कर्ज फेडले. कर्ज फिटले, पण मैदान गेले! २०२२ साली वॉस्प्स दिवाळखोरीत निघाला. रोखे घेणारे सामान्य बचतदार नागवले गेले आणि फ्रेझर्स या व्यापारी समूहाने स्टेडियम १ कोटी ७० लक्ष पौंडांना पदरात पाडून घेतले.

ज्या नॉर्दम्प्टनने या क्लबला आसरा दिला, तेथील कथा अधिकच उद्वेगजनक आहे. २०१३ पासून तेथील नगरपालिकेने आपल्या क्लबला मैदान सुधारण्यासाठी १ कोटी २ लक्ष ५० हजार पौंडांचे कर्ज दिले. पैसा गेला, प्रेक्षागार अर्धवट राहिले, आणि पैसा कोठे मुरला याचा पोलीस तपास वर्षानुवर्षे रेंगाळला. लेखापरीक्षकांनी २०२१ च्या अहवालात नगरपालिकेच्या बेपर्वाईवर कठोर ताशेरे ओढले. भुर्दंड मात्र करदात्यांना!

नगरपालिकांनी खेळात पैसा घालूच नये, असा निष्कर्ष खाजगीकरणाचे पुरस्कर्ते यातून काढतील. तो साफ चुकीचा आहे. दोष सार्वजनिक पैशाचा नसून, मालकी व नियंत्रण हातात न ठेवता तो खाजगी हाती सोपविण्याचा आहे. तोटा समाजाचा आणि नफा धनिकांचा, हाच या व्यवहारांचा एकमेव नियम होता.

भारतीय जनतेलाही हा धडा परका नाही. १९८४ साली डाव्या आघाडीच्या कारकीर्दीत कोलकात्यात सॉल्ट लेकचे भव्य क्रीडांगण सार्वजनिक मालकीचे म्हणून उभे राहिले. उलट, केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केलेल्या सहा लाख कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय मुद्रीकरण पाइपलाइन’मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमचाही समावेश केला. मालकी सरकारचीच राहील, असे आश्वासन दिले जाते. परंतु कोव्हेंट्रीची जमीनही नगरपालिकेचीच होती. अडीचशे वर्षांच्या भाडेपट्ट्यापुढे त्या मालकीला काय अर्थ उरला?

म्हणून जनतेच्या पैशाने उभारलेली मैदाने जनतेच्याच ताब्यात राहिली पाहिजेत, त्यांचे हिशेब उघड असले पाहिजेत आणि त्यांच्या कारभारात खेळाडू व पाठीराख्यांना निर्णायक स्थान मिळाले पाहिजे. या मागण्यांसाठी लोकशाहीवादी शक्तींनी आतापासूनच आवाज उठविला पाहिजे. मैदान एकदा गेले की ते परत मिळविण्यास पिढ्या लागतात.