मोटर फिरते, चाक फिरत नाही

गेल्या खेपेला मिक्सरच्या कपलिंगबद्दल लिहिले होते. आज खेळण्याबद्दल लिहितो आहे म्हणून कुणी पान उलटू नये. या खेळण्यात एसटीच्या गाडीतले निम्मे सामान आहे, आणि ते दुरुस्त करताना माझी स्वतःची चूक झाली. तीही सांगणार आहे.

माझी भाची हमरापूरला दिली आहे. ती पनवेलला घरकामाला जाते. ज्या घरी जाते तिथला मुलगा मोठा झाला, कॉलेजात गेला आणि त्याचा रिमोटवर चालणारा ट्रक माळ्यावर पडला. बाई म्हणाल्या, "चालत नाही, पण मुलांना घेऊन जा." हातभर लांबीचा, दांडग्या चाकांचा ट्रक. घरी आणून बॅटरी चार्ज केली, रिमोटचा घोडा दाबला. मोटर घूं घूं करी, गाडी जागची हलेना. जावई म्हणाले, "भंगारात घाला." सातवीतली नात मात्र अडून बसली आणि मला निरोप आला.

असल्या गाड्यांच्या दोन जाती आहेत. जत्रेत मिळते ती एक. ती उघडता येते, पण तिचा सुटा भाग कुठे मिळत नाही. दुसरी जात छंदाची. तिचा प्रत्येक गिअर, प्रत्येक दांडा वेगळा विकत मिळतो. जपानच्या तामिया कंपनीने 1976 साली आपली अशी पहिली मोटार काढली, पुढे खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या आल्या. (रेडिओने बोट चालवून दाखवली ती त्याच्याही आधी, 1898 साली, न्यूयॉर्कला, निकोला टेस्ला यांनी.) आमच्या हाती आलेला ट्रक छंदाच्या जातीचा होता, हे नशीब.

खालचे झाकण काढले. मोटरच्या दांड्यावर लहान पितळी पिनियन, त्याला लागून नायलॉनचा मोठा गिअर. मोठ्या गिअरचे दाते एका बाजूने साफ उडालेले. मी म्हटले, सापडले. भाचीने साडेचारशे रुपये दिले, मुंबईहून कुरिअरने गिअर मागवला, मी बसवला. वर बोटभर ग्रीस चोपडले. आपण सायकलच्या चेनला तेल घालतो, तसेच हे, असा माझा हिशेब. नातवंडे खूश, भाचीने चहा केला, मी पेणहून एसटी धरली.

पाचव्या दिवशी फोन आला. "आजोबा, परत घूं घूं."

साडेचारशे रुपये म्हणजे भाचीच्या दोन-अडीच दिवसांच्या कमाईचे पैसे. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर नात झाकण उघडून बसलेली. तिने विचारले, "आजोबा, गिअर तुटला हे दिसतंय. पण तुटला का?" तीस वर्षे पाने फिरवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सातवीच्या पोरीने विचारावा!

मग आम्ही दोघे मागून पुढे तपासत आलो. वाचकांनीही याच क्रमाने तपासावे. सर्वांत आधी बॅटरीची वायर काढावी. चुकून मोटर फिरली तर पिनियन बोटाची कातडी सोलते. मग गाडी विटेवर अशी ठेवावी की चाके अधांतरी राहतील. मोठा गिअर बोटाने धरून एक मागचे चाक पुढे फिरवावे. दुसरे चाक उलटे फिरले तर आतला डिफरन्शियल शाबूत आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते म्हणून एसटीच्या मागच्या ॲक्सलमध्ये जी योजना असते, तीच इथे सुपारीएवढ्या डबीत असते. आमचा डिफरन्शियल शाबूत होता. चाकामागची बारीक आडवी पिन पडली तरी दांडा फिरतो आणि चाक थांबते, तीही पाहिली, जागेवर होती. पण चाके हाताने फिरवताना जड लागत होती. मोकळे चाक बोटाने टिचकी मारली की गरगरते. ही अर्ध्या फेऱ्यात थांबत. नात म्हणाली, "गाडी थांबली की मोटर इस्त्रीसारखी तापते." हे मला आधी कुणी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

चाके उतरवली. बेरिंगांत पांढरे, दगडासारखे काहीतरी बसले होते. आणि तिथे हमरापूर आठवले.

हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींची. भाचीच्या घराला लागून कारखान्याची शेड आहे, अंगणभर पांढरी धूळ. ही धूळ दोन प्रकारची. मूर्ती घासताना उडते ती, आणि पोत्यातून सांडते ते कच्चे प्लास्टर. घासलेली भुकटी एकदा घट्ट होऊन गेलेली असते, पाण्याने पुन्हा धरत नाही. कच्चे प्लास्टर मात्र पाणी लागले की धरते, म्हणून तर मूर्ती होते. धाकटा नातू दिवसभर ट्रक पोत्यांच्या बाजूने पळवी आणि संध्याकाळी स्वच्छतेच्या हौसेने नळाखाली धुई. बेरिंगांत मूर्ती तयार होत होत्या!

चाके जड, म्हणून मोटरचा सगळा जोर गिअरच्या दात्यांवर. त्यात माझे ग्रीस. प्लास्टर तसे मऊ, नखाने खरवडते. पण त्याच धुळीत रस्त्याची रेती आणि पॉलिश पेपरचे कण असतात. ते ग्रीसला चिकटले आणि नायलॉनला कानशीसारखे घासत राहिले. बंद पेटीतल्या गिअरला ग्रीस हवे. उघड्या गिअरला, आणि तेही अशा धुळीत, कोरडेच ठेवावे. नवा गिअर मीच खाल्ला.

बेरिंगे धुऊन सुधारणार नव्हती. आतले भोक 5 मिलिमीटर, बाहेरून 11, जाडी 4, असे मोजून चारही नवी आणली. दुसऱ्या गिअरचे पैसे मी दिले, भाची नको म्हणत असताना. गिअर घेताना दाते मोजावेत आणि जुना तुकडा जवळ ठेवावा. दात्याची जाडी पिनियनशी जुळली नाही तर संख्या बरोबर असूनही उपयोग नाही. आमचे पिनियन 20 दात्यांचे, गिअर 80 चा. म्हणजे मोटरचे 4 फेरे तेव्हा गिअरचा एक. नातवाला मोठे पिनियन घालून गाडी पळवायची होती. वेग वाढतो खरा, पण मोटर आणखी तापते. नको म्हटले.

पिनियनचा बारीक स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच आवळावा, नाहीतर पिनियन जागच्या जागी फिरते. स्क्रू सुटू नये म्हणून त्याला नखाला लावायच्या पॉलिशचा एक थेंब पुरतो. तो भाचीच्या डब्यात होता.

राहिले दोन गिअरमधले अंतर. पहिल्या वेळी मी ते नजरेने ठरवले होते. या वेळी वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींच्या मध्ये घातली, मोटर पट्टीपर्यंत दाबली, स्क्रू आवळले आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर करवतीसारख्या घड्या पडाव्यात, पण ती फाटू नये. फाटली तर अंतर फार कमी, घड्या पुसट तर फार जास्त. पहिली पट्टी फाटली. दुसरी नातीने घातली, ती नीट आली.

रिमोट आधी चालू करायचा, मग गाडी. बंद करताना गाडी आधी. ट्रक अंगणातून निघाला तो थेट शेताच्या बांधावर चढला. रिमोट नातवाकडे, ॲलन की नातीकडे, अशी वाटणी त्यांनी आपसांतच केली आहे. नळाखाली धुणे बंद. कारखान्यातला एक झिजलेला रंगाचा ब्रश मागून आणला आहे, त्याने रोज संध्याकाळी कोरडी धूळ झाडतात. ती घड्यांची पट्टी नातीने विज्ञानाच्या वहीत चिकटवली आहे आणि खाली तारीख घातली आहे.