पाठवणाऱ्याचा पत्ता

सुट्टीत नातू पुण्याहून रावेरला आला की आमच्या ओसरीत वायरींचा पसारा होतो. या वेळी त्याने लिनक्सवाले दोन लॅपटॉप वायरीने जोडले आणि म्हणाला, "आबा, आता याला मी भलत्याच्याच नावाने पत्र पाठवतो."

एरवी आपण काही पाठवलं की त्याचं पाकीट लिनक्सच लिहितं. पण याने 'रॉ सॉकेट' उघडलं. मग पाकिटावरचे 14 बाइटही आपणच भरायचे: आधी 6 घेणाऱ्याच्या पत्त्याचे, मग 6 पाठवणाऱ्याच्या, उरलेले 2 आत काय आहे त्याची खूण. पाठवणाऱ्याच्या जागी त्याने मनाला येईल तो आकडा टाकला. नेटवर्क कार्डाने तो निमूट वायरीवर सोडला, आणि पलीकडे टीसीपीडम्प नावाच्या प्रोग्रॅममध्ये तोच उमटला. बाबा रे, हा पत्ता तुझाच का, असं कुणी विचारलं नाही.

मला हसू आलं नाही. नोकरीत असताना माझ्या नावाने कुणीतरी एक तक्रारअर्ज वर पाठवला होता. खाली नाव माझं, पत्ताही माझा. दोन महिने मुख्याध्यापक माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी वाचवलं ते पाकिटावरच्या शिक्क्याने. शिक्का भुसावळचा, आणि त्या दिवशी मस्टरवर माझी सही इथली! (तो अर्ज कुणाचा हे मला आजही माहीत नाही. असो.)

नातू म्हणाला, "पण याला रूटची परवानगी लागते ना." लागते, आणि लागावीच. एका मशीनवर चारजण काम करत असतील, तर त्यांच्यापैकी कुणीही उठून दुसऱ्याच्या नावाने पाकिटं सोडू नयेत. पण मशीनच ज्याचं आहे, त्याच्या खिशातच किल्ली! 2001 साली स्टीव्ह गिब्सन यांनी विंडोज एक्सपीतल्या रॉ सॉकेटवर मोठं काहूर उठवलं होतं. 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 मध्ये मायक्रोसॉफ्टने रॉ सॉकेटमधून टीसीपी पाठवणं बंद केलं. एनमॅपवाल्यांनी एक पायरी खाली उतरून थेट इथरनेटची पाकिटं पाठवली, झालं.

म्हणून माझं मत असं, की कुलूप पाठवणाऱ्याच्या दारात कितीही जाड लावा, तपासणी पहिल्या टपालघरातच हवी. ते 6 बाइटचं नाव तर पहिल्या राउटरपाशीच गळून पडतं. पुढे जातो तो आतला आयपी पत्ता. हे गिऱ्हाईक कुठल्या गल्लीतलं, हे त्याला इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाच ठाऊक असतं. दुसऱ्या गल्लीचा पत्ता दिसला तर पाकीट तिथेच टाकून द्या, असं सांगणारा आरएफसी 2827 हा मसुदा मे 2000 मध्येच निघाला. पण तो पाळायला खर्च कंपनीचा आणि फायदा दुसऱ्याच्या गावाला, मग टाळाटाळ होणारच. मला राग येतो तो याचा, रॉ सॉकेटचा नाही. मुलांनी एकदा तरी पाकीट स्वतःच्या हाताने लिहावं.

नातू परवा जाणार. तोवर ते 14 बाइट मला एकदा भरून बघायचे आहेत. पाठवणाऱ्याच्या जागी या लॅपटॉपचा खरा पत्ता टाकणार आहे.