राखणदार

गेल्या दिवाळीत आमच्या कोकणातील गावी एक लहानसा प्रसंग घडला. शेजारच्या घरी पुण्याहून चौदा वर्षांचा नातू आला होता. त्याची आजी ऐंशीच्या घरातली. जात्यावर बसून म्हणावयाच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत आहेत. जाते केव्हाच पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. ओव्या मात्र तिच्या कंठात अजून ताज्या आहेत. एके संध्याकाळी नातवाने मोबाईल तिच्यापुढे धरला आणि तो म्हणाला, "आजी, तू ओव्या म्हण. मी त्या यंत्राला शिकवतो. मग तेही तुझ्यासारखे गाईल." आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिने शांतपणे विचारले, "अरे, माझा आवाज त्या यंत्रातून पुढे कुठे जाणार? आणि त्याचे ते काय करणार?"

नातू निरुत्तर झाला. खरे सांगावयाचे तर, सारा जन्म मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या शिक्षकालाही त्या प्रश्नाचे उत्तर चटकन सुचले नाही.

मुलांनो, ज्याला आज आपण 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणतो, ते यंत्र आपल्या मनाने काहीच जन्माला घालीत नाही. माणसांनी लिहिलेले, बोललेले, गाइलेले, चितारलेले असे अफाट भांडार त्याला पुरवावे लागते. त्या भांडारातून ते भाषेची वळणे टिपते आणि मग आपल्याशी बोलू लागते. म्हणजे या यंत्राची विद्या ही मुळात माणसांचीच ठेव आहे. ही ठेव घेताना ठेवणाऱ्याला विचारले होते काय? आजीचा प्रश्न नेमका हाच होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दूरच्या न्यूझीलंड देशातील माओरी लोकांची हकीकत आठवली. माओरी हे त्या बेटांचे मूळ रहिवासी. इंग्रजांचे राज्य आले, शाळा इंग्रजी झाल्या, आणि वर्गात मातृभाषेचा शब्द उच्चारला म्हणून माओरी मुलांनी छड्या खाल्ल्या. दोन-तीन पिढ्यांत भाषा मरणपंथाला लागली. पुढे लोक जागे झाले, झगडले, आणि १९८७ साली माओरी भाषेला त्या देशात राजभाषेचे स्थान मिळाले.

त्या देशाच्या अगदी उत्तर टोकाकडे कायताइया नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे 'ते हिकू मीडिया' नावाचे माओरी लोकांचे स्वतःचे नभोवाणी केंद्र आहे. जुन्या पिढीतील वक्त्यांची अस्सल बोली त्यांनी ध्वनिमुद्रित करून जपली होती. ते सारे बोलणे ऐकून लिहून काढण्यास माणसे पुरेनात. तेव्हा हे काम करणारे यंत्र आपणच घडवावे, असे त्यांनी ठरविले. २०१८ साली त्यांनी आपल्या लोकांना हाक दिली : माओरी वाक्ये वाचा आणि आपला आवाज आम्हांला द्या. अवघ्या दहा दिवसांत सुमारे २,५०० लोकांनी ३०० तासांहून अधिक आवाज दिला. त्यावर शिकलेले यंत्र माओरी बोलणे ऐकून लिहू लागले.

ही वार्ता पसरताच मोठमोठ्या कंपन्यांचे लक्ष तिकडे गेले. एका परदेशी कंपनीने तर माओरी आवाजासाठी ताशी मोल देऊ केले. कायताइयाच्या मंडळींनी ते नाकारले. ज्यांनी आपली भाषा एकदा आमच्या मुलांच्या तोंडून हिरावून घेतली, त्यांच्या हाती ती पुन्हा बाजारातला माल म्हणून का द्यावी, असा त्यांचा सवाल होता.

हे बळ त्यांना कोठून आले? माओरी परंपरेत 'काइतिआकी' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ राखणदार. आपल्या कोकणात गावाचा राखणदार ही कल्पना घरोघरी ठाऊक आहे. म्हणून हा शब्द मला परका वाटला नाही. जमीन, समुद्र, नदी यांचे आपण मालक नसून राखणदार आहोत. मागच्यांनी दिलेले पुढच्यांना धड सोपवावयाचे आहे, असे माओरी मानतात. समुद्रातील मासे वा शिंपले कमी होऊ लागले, की त्या भागात काही काळ काहीही पकडावयाचे नाही, अशी बंदी ते घालतात. तिला 'राहुई' म्हणतात. कायताइयाच्या मंडळींनी हाच जुना नियम नव्या यंत्राला लावला. आवाज ज्यांचा, त्यांच्या हिताचे असेल तेच काम त्यातून व्हावे. इतरांना तो वापरावयाचा असेल तर त्यांनी आधी विचारावे आणि अटी पाळाव्यात.

यावर कोणी म्हणेल, "विद्या दिल्याने वाढते. मग हे कुंपण कशाला?" आक्षेप वजनदार आहे. परंतु देणे निराळे आणि नेणे निराळे. गावच्या विहिरीवर वाटसरूने ओंजळभर पाणी प्यावे, त्याला कोणी अडवीत नाही. मात्र रात्री कोणी गुपचूप पंप लावून विहीर उपसू लागला, तर त्याला आपण वाटसरू म्हणू काय?

विहिरीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. जुने ते सारे सोने नसते. आपल्याच देशात जुन्या रूढींनी कित्येक माणसांना पाणवठ्याला शिवू दिले नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो साधा हक्क जगाला सांगावा लागला. म्हणून पूर्वजांचे शहाणपण घेताना ते पाखडून घ्यावे. जे सर्वांना माणूस मानते, ते धान्य, बाकीचे फोलपट.

आता पाण्याचीच दुसरी बाजू पाहा. ही यंत्रे हवेवर चालत नाहीत. हजारो संगणक रात्रंदिवस चालणारी प्रचंड केंद्रे त्यांच्यामागे असतात. आपल्या नवी मुंबईच्या परिसरातही अशी केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांना वीज फार लागते आणि तापलेले संगणक थंड करण्यासाठी कित्येक ठिकाणी पाणीही लागते. ते पाणी कोणाच्या वाटणीचे? न्यूझीलंडच्या संसदेने २०१७ साली वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन माणसे नेमण्याची तरतूद केली. एक सरकारतर्फे, एक माओरींतर्फे. नदीला पूर्वज मानणारी माओरींची श्रद्धा अशी कायद्यात उतरली. नवे केंद्र उभारताना नदीच्या वतीने बोलणारे कोणी बैठकीत असेल, तर निर्णय अधिक विचाराने होतील, असे मला वाटते.

हा विचार आपल्यालाही नवा नाही. सह्याद्रीच्या कुशीत ठिकठिकाणी देवराया आहेत. तेथे कुऱ्हाड चालत नाही. कित्येक देवरायांत तर वाळलेले लाकूडही घरी नेत नाहीत. ज्यांनी हा नियम घातला त्यांना विज्ञानाची परिभाषा ठाऊक नव्हती. पण जंगल राहिले तर झरा राहील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'हे आपल्याला करता येते' एवढ्यावर ते थांबले नाहीत. 'हे आपण करावे काय' असेही त्यांनी स्वतःला विचारले. आजच्या यंत्रयुगाला उणीव आहे ती या दुसऱ्या प्रश्नाची.

मुलांनो, उद्या ही यंत्रे घडविणारे तुमच्यांतूनच निघतील. तेव्हा घेण्यापूर्वी विचारा, लागेल तेवढेच घ्या, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना त्याचे फळ मिळते की नाही, ते पाहा.

त्या संध्याकाळी नातवाने मोबाईल बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आजीजवळ बसला. कोणती ओवी जगाला ऐकवावयाची आणि कोणती घरापुरतीच ठेवावयाची, हे आजी सांगत गेली आणि तो टिपीत गेला. माहेरच्या आठवणीच्या दोन ओव्या तिने राखून ठेवल्या. उरलेल्या ओव्यांपुढे त्याने आजीचे नाव आणि गाव लिहिले. आजी हसून म्हणाली, "आता म्हणते. धर तुझा मोबाईल."