परमुलखीचे ताट आणि आपला नियम

व्यापाराच्या निमित्ताने वा हौसेने परदेशी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या सामानात खाकरा, ठेपले आणि कोरड्या फराळाचे डबे असतातच. ही तयारी योग्यच आहे. मात्र साऱ्या प्रवासात त्या भूमीचा एकही घास जिभेवर आला नाही, तर नियम म्हणजे आनंदाला मुकणे, अशी समजूत मुलांच्या मनात रुजते. ती दूर करण्यास जपानसारखा देश नाही.

मोत्यांच्या व्यापारामुळे कोबे शहरात आपले अनेक बांधव स्थायिक झाले आणि १९८५ मध्ये तेथे संगमरवरी जिनालय उभे राहिले. तरीही जपानी उपाहारगृहात शिरताना शाकाहारी माणूस बिचकतो, आणि ते रास्त आहे. तेथील सार, नूडल्स, भाज्यांचा रस यांच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचा अर्क असतो. तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. ताटात मासा दिसत नाही, पण रसात उतरलेला असतो. म्हणून ‘यात मांस आहे का?’ एवढे विचारून भागत नाही, ‘दाशी कशाची?’ हेही विचारावे लागते.

याच देशात बौद्ध मठांनी जोपासलेली ‘शोजिन र्‍योरी’ ही पाकपद्धती आहे. तीत मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. उग्र वासाच्या भाज्या व मद्य यांना आत मज्जाव करणारे शिलास्तंभ अनेक झेन मंदिरांच्या द्वारी आढळतात. येथील दाशी कोम्बू या समुद्री वनस्पतीची किंवा वाळवलेल्या अळंब्यांची असते. दोगेन या आचार्यांनी तर १२३७ मध्ये मठातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

क्योतोतील काही मंदिरांत आणि कोया पर्वतावरील सुमारे पन्नास मठांच्या अतिथिगृहांत हे भोजन मिळते. ‘युबा’ म्हणजे तापवलेल्या सोयाबीनच्या दुधावरची साय, मऊ आणि किंचित गोडसर. गोठवून वाळवलेला ‘कोया-दोफू’ स्पंजासारखा रस शोषून घेतो. तिळाच्या वाटणात कालवलेला पालक तर आपल्या जिभेला परका वाटतच नाही.

तथापि आपले सर्व नियम येथे आपोआप पाळले जात नाहीत. ताटात कमळकंद, गाजर, अळंबी येतात. तिळाचे मुलायम ‘गोमा-दोफू’ही परंपरेने कुडझू वेलीच्या मुळांतील सत्त्वाने घट्ट करतात. यास्तव आरक्षण करतानाच जपानी भाषेत लिहून कळवावे: कंदमुळे, अळंबी, अंडे नको, दाशी केवळ कोम्बूची. ऐनवेळी सांगितल्यास यजमानाची अडचण होते. कोया पर्वतावर संध्याकाळचे जेवण साधारणतः साडेपाच-सहाला वाढतात. उन्हाळ्यात ते सूर्यास्तापूर्वी आटोपते. डिसेंबरात मात्र पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतू पाहूनच बेत आखावा.

जेवणापूर्वी तेथे पाच गोष्टींचे चिंतन करतात: हे अन्न किती श्रमांतून आले, आपण त्यास पात्र आहोत का, मनात लोभ तर नाही ना, अन्न हे देह टिकवणारे औषध आहे, आणि ते साधनेसाठी घ्यायचे आहे. ऊनोदरी आणि रसपरित्याग हे ज्या घरांत नित्याचे शब्द आहेत, तेथील मुलांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. आपल्या नियमानेच आपल्याला या पंगतीत आणून बसवले, हे त्यांना त्या ताटावरच उमगेल.