नाव झाकून तपासा



गणेशोत्सव आणि शिक्षक दिन मागेपुढेच येतात, म्हणून मंडळाचा हा अंक शिक्षकांसाठी काढला आहे. रायपूरच्या बूढ़ापारा-तात्यापारा भागातल्या मराठी घरांत एखादे गुरुजी नाहीतर बाई हमखास सापडतात. आज त्यांच्याशी जरा अवघड विषयावर बोलायचं आहे. तो विषय म्हणजे वर्गातला भेदभाव.

हा विषय निघाला की आपलं बोट अमेरिकेकडे जातं. नातवंडं तिथल्या शाळेत शिकतात. त्यांच्या रंगावरून कुणी बोललं की इकडे आपला जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. पण इथल्या वर्गाचं काय? वस्तीतून आलेला, आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतला मुलगा उभा राहतो, 'मोला नइ आवय, मैडम' (मला येत नाही, मॅडम) म्हणतो आणि वर्ग खिदळतो. उत्तर न येणारी मुलं वर्गात आणखीही असतात, हसू येतं ते त्याच्या छत्तीसगढ़ीचं. बाई त्याला रागावत नाहीत. फक्त त्यानंतर त्याला सहसा प्रश्न विचारत नाहीत. बाकं हलवायची असली की त्याचं नाव चटकन आठवतं, संमेलनात सूत्रसंचालनाला मात्र दुसऱ्याच कुणाचं.

यात कुणाच्या मनात पाप नसतं, आणि खरी अडचण तीच आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या एका शहरात मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. पहिल्या पानावरची जात मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुणाच्याही पेपरावर कुठलीही लिहिली होती. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. मागास जात दिसली की गुण थोडे उतरत होते. फरक मोठा नव्हता, पण होता. गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत, जेव्हा तपासणाऱ्याला अजून अंदाज आलेला नसतो तेव्हा, तो जास्त होता. आणि गुण कमी देणाऱ्यांत उच्चवर्णीय शिक्षकांपेक्षा स्वतः मागास जातींतले शिक्षकच पुढे होते. म्हणजे हा पूर्वग्रह एका जातीची मक्तेदारी नाही. तो हवेतच आहे आणि सगळ्यांच्याच श्वासात जातो.

मुलांच्या बाजूनेही हेच दिसतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उच्चार नव्हता तोवर सगळी मुलं जवळपास सारखीच होती. सर्वांसमोर नाव-जात पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच होती, पुकारा तेवढा नवा होता.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. पण प्रश्नच न विचारणं कुठल्या कलमात बसवणार? प्रश्न विचारणं म्हणजे मुलाकडून काही अपेक्षा ठेवणं.

आपल्या बूढ़ापाऱ्यात १८७७ च्या सुमारास नरेंद्र दत्त नावाचा किशोर राहायला आला, पुढचे स्वामी विवेकानंद. गावात तेव्हा त्याच्याजोगी शाळा नव्हती. वकील असलेल्या वडिलांनी त्याला घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत बसवलं आणि बोलतं केलं. वकिलाच्या मुलाकडून अशी अपेक्षा घरातच ठेवली जाते. ज्याच्या घरी ती नाही त्याच्याकडून ती शाळेनेच ठेवायला हवी. पुण्यात फुल्यांच्या शाळेने ती ठेवली, म्हणून मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात आपल्या लोकांचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडू शकली.

आणि बोलीचं म्हणाल तर, इथली शाळा ज्यांच्या नावाने उभी आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. या मुलखाने त्यांना आपलं मानलं ते उगाच नव्हे. घरात मराठी जपणाऱ्या आपल्या लोकांना तरी दुसऱ्याच्या घरच्या बोलीचं हसू येऊ नये.

'माझ्या मनात काही नाही' एवढ्याने भागत नाही, कामाची रीत बदलावी लागते. पेपर तपासताना नाव झाकावं. हजेरीत आडनाव गाळावं. बाकं हलवणं आणि सूत्रसंचालन, दोन्ही पाळीपाळीने द्यावं. प्रश्न कुणाकुणाला विचारले याच्या खुणा आठवडाभर यादीवर कराव्यात, मग आपला कल आपल्यालाच दिसतो. छत्तीसगढ़ीत आलेलं उत्तर आधी बरोबर धरावं, हिंदी मागाहून सुधारावी.

सुरुवात मंडळानेच करावी असं सुचवतो. आपल्या निबंध स्पर्धेच्या वह्या यंदापासून फक्त क्रमांक घालून परीक्षकांकडे द्याव्यात आणि स्पर्धा वस्तीतल्या, मराठी न बोलणाऱ्या मुलांनाही खुली करावी. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा ठराव येईल. शिक्षक सभासदांनी त्या दिवशी जरूर यावं. ठराव पटत नसेल तर विरोधात बोलायलाही यावं.

— संपादक